छाट तोडणाऱ्या बायका

मोठी आई,

"माताजी नहीं आईं आज?" तिवारीजींनी विचारलं. त्यांच्या हातात रिळाचा डबा होता आणि टेबलापाशी त्यांनी सवयीने दोन खुर्च्या मांडून ठेवल्या होत्या. मी म्हटलं, "नहीं रहीं." त्यांनी डबा खाली ठेवला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "अरे," म्हणाले. आणि मग, "अभी तो मटर लाई थीं."

मला एवढंच सांगायचं होतं तुला, म्हणून लिहायला बसले. पण इतकंच सांगून भागणार नाही हेही माहीत आहे. आपलं भांडण अर्धं राहिलं आहे. तू मधेच उठून गेलीस.

दुसरी खुर्ची रिकामी राहणार नव्हती. सुमनमावशी जिना चढत होती, प्रत्येक पायरीला एक शिवी देत. तुझ्या शेजारच्या क्वार्टरमध्ये सगळा जन्म काढलेली, तुझ्यासोबत बिड्या वळलेली, बिड्यांवरच्या त्या जुन्या फिल्ममध्ये तुझ्या डाव्या हाताला बसलेली सुमनमावशी. रविवारी विहारात तुझी शोकसभा होती. त्याआधी तिने ती फिल्म एकदा बघावी आणि मला एका गोष्टीत सल्ला द्यावा, म्हणून मी तिला खमरियाहून ऑटोत घालून आणलं होतं. गोष्ट तीच, आपली. सभेत फिल्म दाखवायची ती आवाजासकट की आवाज बंद करून?

तुला ती जागा आठवत असेल. सराफ्याच्या मागे, बंद पडलेल्या टॉकीजचा वरचा मजला. कुणा शौकीन माणसाने आयुष्यभर जमवलेल्या फिल्म्स, लोखंडी रॅक, सिरक्यासारखा आंबट वास. अभ्यासासाठी अर्ज केला तर बघू देतात, अर्ज करणारा आणि सोबत एक जण. मोबाइल बाहेर ठेवायचा. मोठा पडदा नाही, एक टेबल आहे. त्यावर रीळ एका चकतीवरून दुसऱ्या चकतीवर सरकतं आणि मधल्या छोट्या काचेवर चित्र दिसतं. मधेच थांबवायचं तर क्षणभर, कारण दिव्याच्या उष्णतेने फिल्म वाकते. पहिल्या दिवशी ते रॅक सांभाळणाऱ्या तिवारीजींनी हे सगळं नियम वाचून दाखवल्यासारखं सांगितलं आणि तू मान डोलावत डोलावत पिशवीतून पनागरच्या मटाराच्या शेंगा काढल्यास.

"माताजी, यहाँ खाना मना है."

"खा कौन रहा है, भैया? छील रहे हैं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. किती पत्रं लिहून ती परवानगी मिळाली होती! मी तुला कोपर मारलं, तर तू मोठ्याने म्हणालीस, "काहून मारून राहिली? हात रिकामे असले का मले डोळ्याला दिसत नाही." तिवारीजी हसले. पुढच्या वेळेपासून तू त्यांच्यासाठीही पाव किलो वेगळे सोलून नेत होतीस.

जे तुला ओळखत नाहीत आणि हे वाचतील, त्यांच्यासाठी सांगते. तू माझ्या वडिलांच्या मोठ्या भावाची बायको. माहेर गोंदियाकडचं, तिथूनच बिडीचा हात घेऊन आलेली. मोठे बाबा कारखान्यात, तू घरी, मांडीवर सूप, सुपात तेंदूची पानं आणि जर्दा. आमच्या घरात मराठी पुस्तकं फारशी नव्हती, पत्रकं मात्र ढीगभर होती. बाबा ती लिहीत, छापून आणत, वाटत. माझी शाळा हिंदी, त्यामुळे माझं मराठी पत्रकांवर पोसलेलं. लहानपणी तू ताटात दोडका वाढलास की मी "जाहीर निषेध" म्हणायचे आणि तू म्हणायचीस, "निषेध कर, पण खा." मोठी झाल्यावर मीही पत्रकंच लिहायला लागले, फक्त आता त्यांना लेख म्हणतात.

गेल्या थंडीत बिडी-कामगार बायकांवर लिहायला म्हणून मी जुन्या माहितीपटांची यादी चाळत होते. एका माहितीपटाच्या नोंदीत आपल्या वस्तीचं नाव दिसलं. तुला विचारलं तर तू सहज म्हणालीस, "हो, आले होते क्यामेरावाले. आम्ही छाट तोडून राहिलो होतो तेव्हा."

छाट म्हणजे नापास केलेली बिडी. बायका वळलेल्या बिड्या घेऊन सट्टेदाराकडे, म्हणजे पान-तंबाखू देणाऱ्या ठेकेदाराकडे जायच्या. त्याचा मुन्शी मोजून घ्यायचा, आणि घेता घेता मूठभर बाजूला काढायचा. ही वाकडी, ही ढिली, ही छाट. छाटीची मजुरी नाही. पण छाट परतही द्यायची नाही. ती त्याच्याकडेच राहायची आणि चांगल्या मालात मिसळून विकली जायची. तुम्ही म्हणालात, खराब आहे ना, मग आमच्यासमोर तोडून टाक. तो तोडेना. मग एका सकाळी तुम्ही सगळ्या जणी त्याच्या ओसरीवर जाऊन बसलात आणि त्याने साठवलेली छाट पोत्यातून ओतून आपल्या हाताने तोडायला सुरुवात केली. बाबांनी मागाहून त्यावर पत्रक लिहिलं. मी ते पाठ म्हणून दाखवायचे. त्यात तू "रणरागिणी" होतीस आणि तुला त्या शब्दाचं हसू यायचं.

आणि त्याच सकाळी, बिडीच्या धंद्यावर माहितीपट काढणारी मंडळी जीप घेऊन तिथे पोचली होती. हे आपल्याला टेबलापाशी बसल्यावर कळलं. म्हणजे मला कळलं.

ते दृश्य मी आता कितीतरी वेळा बघितलं आहे. ओसरी. बायका मांडी घालून, ओळीने. पोती. हात. कडकड तोडणारे हात, जर्दा एका बाजूला, पानांचा चुरा एका बाजूला. मागे मुन्शी, दोन्ही हात पाठीशी, चेहरा दगडाचा. मग क्यामेरा तुझ्यावर येतो. तू तरुण आहेस, माझ्याहून लहान. तू वर बघतेस. आणि मागून तो आवाज, जड, तूप लावलेला: "और देखिए, ये बहनें ख़राब बीड़ी को अपने ही हाथों से तोड़कर अलग कर देती हैं, ताकि आप तक पहुँचे सिर्फ़ अच्छा माल."

मी खुर्चीवरून उठलेच. तू हसायला लागलीस. हसता हसता खोकायला लागलीस, एवढी की मटाराचे दाणे जमिनीवर सांडले. श्वास परत आल्यावर तू तिवारीजींना म्हणालीस, "आवाज बंद करो, भैया. बिना आवाज के दिखाओ."

मला वाटलं तुला ते सहन झालं नाही. मला वाटलं ते हसू म्हणजे राग आहे. परतताना ऑटोत मी रांझीपर्यंत बोलत होते. बघ, म्हटलं, असं असतं. तुम्ही बंड करता आणि त्यांची फिल्म त्याला मालाची निगा म्हणते. तुमचा लढा त्यांच्या जाहिरातीत! ही चोरी आहे, छाटीपेक्षा मोठी. तू बाहेर बघत होतीस. मधेच म्हणालीस, "सुमनची साडी ओळखली का? माझीच होती ती. मागून नेली ते दिलीच नाही."

चार महिने आपण भांडलो. तुझं ऑक्सिजनचं मशीन पलंगाशी घुरघुरत होतं आणि मी स्टुलावर बसून भांडत होते. आता आठवलं की थकायला होतं. तेव्हा मी थकत नव्हते, तूच थकत होतीस. दोन वाक्यं बोलायचीस आणि नळी नीट करायचीस.

मी म्हणायचे, "आवाजासकट दाखवलं तरच लोकांना कळेल काय खोटं बोलले ते."

तू म्हणायचीस, "लोकांले आवाज आवडंल. चांगला आवाज आहे त्याचा. तुझ्या पत्रकापेक्षा बरा."

"मग खोट्यासमोर गप्प बसायचं?"

"गप कुठं? मी सांगून राहिली ना, ही सुमन, ही द्रौपदा, ही आपली भागाची सासू. आवाज बंद असला का मले बोलता येते."

"मोठी आई, हा पुरावा आहे."

"अच्छा. मंग कोर्टात दे. मले घरी काय करायचा?"

एकदा मी जास्तच बोलले. मी म्हटलं, तुम्ही इतकं केलंत आणि ते खोटं तसंच राहू द्यायचं, हा भित्रेपणा आहे. तू डोळे मिटून घेतलेस. मला वाटलं झोपलीस. मग म्हणालीस, "मी गेल्यावर दाखवशीलच तू. दाखव. पण आवाजाबिगर दाखव." हे आपलं शेवटचं नीट बोलणं. त्यानंतर औषधं, चहा, खिडकी लाव, एवढंच. फिल्म काढणाऱ्याच्या घरच्यांकडून दाखवायची परवानगी आली ती तू गेल्यावर, राख नर्मदेत सोडून घरी आलो त्याच संध्याकाळी. मला राग आला. कुणाचा ते ठरवता आलं नाही.

तर सुमनमावशी. ती खुर्चीवर बसली, पदराने काच पुसायला गेली, तिवारीजींनी घाईघाईने थांबवलं. दिवा लागला. ओसरी आली. ती पुढे वाकली.

"अगं बाई. आम्ही एवढ्या बारीक होतो?"

तुझा चेहरा आला. तिने माझ्या मनगटावर हात ठेवला. त्या हाताची बोटं अजून तशीच आहेत, अंगठ्याशी दोऱ्याने पडलेली खाच. मग तो आवाज आला, ताकि आप तक पहुँचे सिर्फ़ अच्छा माल, आणि सुमनमावशी हसली. हुबेहूब तुझ्यासारखी. पोट धरून.

"यात हसण्यासारखं काय आहे?" मी म्हटलं. माझा आवाज चढला असावा, कारण तिवारीजींनी वळून बघितलं.

"अगं, हे त्याचं थोडंच आहे! हे तर तुझ्या मोठ्या आईनं सांगतलं त्याले."

मला कळलं नाही. तिने डोळे पुसत, हिंदी-मराठीच्या आपल्या खिचडीत, सगळं सांगितलं.

जीप आली तेव्हा मुन्शी पोती ओढायला धावला होता. त्याने द्रौपदाबाईंचा हात धरला होता. पण क्यामेरा बाहेर निघाला तसा त्याने हात सोडला. चष्मेवाल्या साहेबाने विचारलं, "बहनजी, ये क्या हो रहा है?" सगळ्या गप्प. खरं सांगितलं असतं तर तो क्यामेरा गुंडाळून निघून गेला असता, सट्टेदाराचा पाहुणाच होता तो. आणि तो गेला असता तर ओसरीवर तुम्ही, पोती आणि मुन्शीची माणसं. तेव्हा तू मान वर केलीस (तीच मान, तेच वर बघणं, जे काचेवर दिसतं) आणि म्हणालीस, "साहब, ख़राब माल छाँट रहे हैं. हमारे सेठजी ख़राब बीड़ी बाज़ार में जाने ही नहीं देते. क्यों मुंशीजी?"

"आणि मुन्शी?" मी विचारलं.

"काय म्हणंल तो? क्यामेऱ्यासमोर? म्हणे, जी हाँ, जी हाँ, यही तरीक़ा है हमारा." सुमनमावशीला पुन्हा हसू आलं. "मंग काय, साहेब खूश. म्हणे, और तोड़िए, और तोड़िए, इधर से भी लेंगे. हे क्यामेरा इकडून, ते क्यामेरा तिकडून. आम्ही तोडून राहिलो, तोडून राहिलो. मुन्शीनं सोताच्या हातानं पोती आणून देल्ली आम्हाले. एक छाट ठेवली नाही."

तिवारीजी मशीन थांबवून ऐकत होते. दिव्याची आठवण त्यांनाच आधी झाली, त्यांनी रीळ पुढे सरकवलं.

म्हणजे मोठी आई, तो माणूस खोटं बोलत नव्हता. त्याला जे सांगितलं ते त्याने सांगितलं, जरा तूप लावून. चार महिने मी ज्या वाक्याला शिव्या दिल्या ते तुझं होतं.

मी जिन्यावर बसले. सुमनमावशी शेजारी टेकली. मी विचारलं, "मला का नाही सांगितलं तिनं? चार महिने?"

"पहिल्यांदा मजा वाटली असंल. तू चिडते तेव्हा तुझं नाक लाल होते, ते म्हणायची मले." मग ती पदराच्या टोकाशी चाळा करत राहिली. "मंग भेली असंल."

"कशाला?"

"तुले. तुमच्या बाबाच्या कागदात लिहिलेलं होतं ना, आम्ही सट्टेदाराच्या डोळ्याला डोळा भिडवला म्हणून. घोषणा देल्ली म्हणून. तू लहानपणी ते म्हणून दाखवायची उभी राहून. तिले वाटलं असंल, पोरीले कळलं का सेठजी सेठजी करून तोडलं, तर पोरगी काय म्हणंल? तू तर एका शब्दासाठी माणसं सोडते."

ते खरं आहे. तुझ्या डोळ्यांसमोर मी एका मासिकाचं काम सोडलं, एका मैत्रिणीशी बोलणं टाकलं. तू प्रत्येक वेळी ऐकून घेतलंस आणि जेवायला वाढलंस. मला वाटायचं तू माझ्या बाजूने आहेस. होतीसही. पण माझ्या बाजूला राहून तू स्वतःची गोष्ट गिळत होतीस, हे मला आता कळतंय. आणि मला तुझा रागही येतो, खरंच येतो. एवढी भली युक्ती. एवढं धैर्य, मान वर करून मुन्शीलाच साक्षीला घेण्याचं. ते तू मला दिलं नाहीस. दिलं असतंस तर मी ते कुठे ठेवलं असतं, हेही मला सांगता येत नाही. कदाचित तुझा अंदाज बरोबर असेल. कदाचित मी म्हटलं असतं, पण तू सेठजी का म्हणालीस?

शुक्रवारी, शनिवारी मी नुसती पडून होते. बाबा तुझ्यावरच्या स्मरणिकेचा मजकूर मागत होते. त्यांनी स्वतः सुरुवात करून ठेवली होती, आणि तिसऱ्याच ओळीत रणरागिणी होती.

रविवारी विहारात वंदना झाली, दोघा-तिघांची भाषणं झाली. भिंतीवर पांढरी चादर लावली होती. समोर सगळ्या आपल्या गल्लीतल्या, आणि रांझीतून, घमापूरमधून आलेल्या म्हाताऱ्या. मला बोलायला सांगितलं, मी उठून फक्त म्हटलं, "मोठ्या आईची इच्छा होती की आवाज बंद करून दाखवावं. मी आवाजासकट दाखवते आहे. तिची माफी मागून."

तिवारीजींनी पाठवलेली फिल्मची नक्कल प्रोजेक्टरवर लागली. ओसरी, पोती, हात. बायका कुजबुजायला लागल्या, ती बघ, ही बघ. तू आलीस. मान वर. तो आवाज बोलला.

आणि विहार हसला. आधी सुमनमावशी, मग तिच्या मागची ओळ, मग पलीकडली. शोकसभेत, बुद्धाच्या मूर्तीसमोर, तुझ्या हार घातलेल्या फोटोशेजारी, म्हाताऱ्या बायका एकमेकींच्या खांद्यावर डोकं ठेवून हसत होत्या. कुणीतरी मुन्शीची नक्कल केली, "जी हाँ, जी हाँ!" कुणाच्या तरी डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते हसण्याचं की कशाचं, तिलाही सांगता आलं नसतं. त्यांना सगळ्यांना माहीत होतं. गल्लीतल्या प्रत्येकीला, इतकी वर्षं. तुम्ही ते फक्त आम्हा लिहिणाऱ्यांपासून लपवून ठेवलं होतं.

पुरुषांच्या बाजूला मात्र शांतता. बाबा माझ्याकडे बघत होते, हे काय चाललंय अशा नजरेने. मी त्यांना बाहेर नेलं, पिंपळाखाली उभं करून सांगितलं.  ते पत्रक त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात आवडतं होतं, तुला माहीत आहे.

"म्हणजे घोषणा दिलीच नव्हती?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"डोळ्याला डोळा?"

"मुन्शीच्या डोळ्याला दिला असेल, बाबा. क्यों मुंशीजी म्हणताना."

आत अजून हसण्याचा आवाज येत होता. बाबांनी खिशातला स्मरणिकेचा कागद काढला, उघडला, पुन्हा घडी केली. "मग काय लिहायचं आता? आपण असं लिहायचं का, की ती खोटं बोलली? गेलेल्या माणसाबद्दल असं लिहितात का कुणी?"

मी खूप थकले आहे, मोठी आई. त्या दिवशीही होते. वाद घालायची ताकद नव्हती, तत्त्व वगैरे आठवायचीही नव्हती. मी त्यांच्या हातातून कागद घेतला.

"मी लिहिते," म्हटलं.

तेच लिहून राहिली मी.